फेरारी एफ८०चे रूप चाहत्यांना का खटकले: वाऱ्याचा हात, नियमाचा हात आणि डिझाइनरचा हात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत असल्यापासून आपल्या खोलीच्या भिंतीवर फेरारी एफ४०चे चित्र होते. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी फेरारीची नवी सुपरकार एफ८० जगापुढे आली, तेव्हा नाकावरची आडवी काळी पट्टी, तुकड्यांनी जोडल्यासारखे अंग आणि चौकोनी शेपूट पाहून आपण निराश झालात. जगभरातले कितीतरी जुने चाहतेही तसेच बोलले. ही नाराजी केवळ नजरेला सवय नसल्यामुळे आहे, की गाडीत खरोखरच काही चुकले आहे, असे आपण विचारता. आणि ती पट्टी अंगाच्याच लाल रंगात असती तर गाडी सुंदर दिसली असती का, हेही विचारता. मी गेली सत्तावीस वर्षे पुण्यात गाड्यांच्या बॉडीचे पृष्ठभाग घडवण्याचे काम करतो, आधी मातीच्या मॉडेलवर आणि नंतर संगणकावर. खालचे विवेचन कंपनीने प्रसिद्ध केलेली मोजमापे, छायाचित्रे आणि तांत्रिक माहिती यांच्या आधारे केले आहे.

माझे मत असे की नाराजी खोटी नाही, पण ती सरसकट आहे, आणि म्हणून तिचा नेम चुकतो. अशा गाडीचे रूप तीन हातांनी घडते. काही भाग वारा ठरवतो, काही भाग रस्त्यावरच्या वाहनांचे नियम ठरवतात, आणि जे उरते ते डिझाइनर स्वतःच्या मनाने ठरवतो. पहिल्या दोन हातांनी घडलेल्या भागाला कुरूप म्हणण्याचा हक्क कोणालाही आहे, परंतु त्याबद्दल डिझाइनरला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या हाताने घडलेल्या भागाबद्दल मात्र फेरारीचे मुख्य डिझाइनर फ्लाव्हिओ मान्झोनी आणि त्यांच्या चेंत्रो स्तीलेला, म्हणजे कंपनीच्या डिझाइन विभागाला, जाब विचारलाच पाहिजे. एफ८०वर झालेली टीका वाचताना मला सतत जाणवले की पहिल्या हाताचे खापर तिसऱ्या हातावर फोडले जात आहे, आणि तिसऱ्या हाताच्या खऱ्या निवडीकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे.

वाऱ्यापासून सुरुवात करू, कारण या गाडीत सर्वात मोठा वाटा त्याचाच आहे. ताशी २५० किलोमीटर वेगाला एफ८० सुमारे १,०५० किलो डाउनफोर्स निर्माण करते, म्हणजे हवा गाडीला तेवढ्या वजनाइतक्या जोराने जमिनीकडे दाबते. गाडीचे स्वतःचे कोरडे वजन १,५२५ किलो आहे, हे शेजारी ठेवले की आकड्याचा अर्थ उलगडतो: गाडीवर जणू दुसरी, तिच्या दोन तृतीयांश वजनाची गाडी येऊन बसते, आणि तीही गाडीचे स्वतःचे वजन न वाढवता. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंखांची स्थिती तीच धरली, तर ताशी १०० किलोमीटरला तो १७० किलोच्या आसपासच भरेल. म्हणून जो पृष्ठभाग शहरातल्या वेगाला निव्वळ सजावटीसारखा दिसतो, तोच सर्किटवर गाडी पेलून धरत असतो, आणि स्थिर उभ्या गाडीचे छायाचित्र पाहून त्याचे काम ओळखणे सरावाच्या नजरेलाही अवघड जाते.

या १,०५० किलोंपैकी ४६० किलो पुढून मिळतात. ते मिळवायचे तर नाक एकसंध ठेवून चालत नाही. एफ८०च्या नाकाखाली एकावर एक असे पंखांचे थर आहेत, आणि खालून आत आलेली हवा बॉनेटमधल्या वाटेने वर काढून दिली आहे. हीच ती खोल पोकळी, जिच्यामुळे समोरून पाहताना नाकाचा मधला भाग कोरून काढल्यासारखा दिसतो. ले मानची चोवीस तासांची शर्यत २०२३ पासून ओळीने तीन वर्षे जिंकलेल्या फेरारीच्याच ४९९पी या रेसिंग गाडीच्या नाकाशी तिचे नाते उघड आहे. चाहत्यांनी या पोकळीला ‘अपूर्ण’ म्हटले. माझ्या दृष्टीने गाडीचा हा सर्वात प्रामाणिक भाग आहे, कारण येथे पत्रा वाऱ्याला वाट देऊन बाजूला झाला आहे आणि ते लपवण्याचा प्रयत्न कोणी केलेला नाही.

गाडीच्या पोटाखाली तर याहून मोठी गोष्ट घडली आहे, आणि ती छायाचित्रात दिसत नसल्यामुळे तिची चर्चाच झाली नाही. मागचा डिफ्यूझर, म्हणजे गाडीखालून जाणाऱ्या हवेला हळूहळू पसरू देणारा चढता बोगदा, तब्बल १,८०० मिलिमीटर लांबीचा आहे. एवढा लांब बोगदा बसवायचा तर त्याच्यावर असलेल्या सगळ्या वस्तूंना सरकावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १.३ अंशांनी तिरके बसवले आहेत, ते केवळ त्या बोगद्याला जागा मिळावी म्हणून. चालकाला पाय किंचित वर ठेवून रेलून बसावे लागते, कारण तळाचा मधला भाग पुढे उचललेला आहे. शेजारच्या माणसाचे आसन चालकाच्या थोडे मागे नेले आहे, म्हणजे दोघांचे खांदे एका रेषेत येत नाहीत आणि वरची काचेची केबिन अरुंद करता येते. गाडीची रुंदी २,०६० मिलिमीटर आहे, आपल्याकडच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोपेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक, आणि उंची केवळ १,१३८ मिलिमीटर. एवढ्या रुंद अंगावर एवढी अरुंद केबिन बसली की खांदे फुगलेले आणि डोके लहान दिसणारच. ‘प्रमाण बिघडले आहे’ ही तक्रार याच दृश्याची आहे. प्रमाण बदलले आहे हे खरे, परंतु ते कोणा एका माणसाच्या लहरीने बदललेले नाही.

येथेच इंजिनाचीही तक्रार लागून येते, म्हणून तिचे थोडक्यात उत्तर देतो. एफ८०च्या आधीच्या एफ५०, एन्झो आणि ला फेरारी या फेरारीच्या तिन्ही सर्वोच्च गाड्यांत बारा सिलिंडरचे इंजिन होते. एफ८०मध्ये तीन लिटरचे व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरचे, इंजिन आहे, जे एकटे ९०० अश्वशक्ती देते, आणि विजेच्या मोटारी धरून एकूण १,२०० होते. आवाजाबद्दल चाहत्यांचे दुःख मी समजू शकतो, त्यावर वाद घालणार नाही. पण गाडी लांबट आणि सुबक हवी, पोटाखाली तेवढाच डाउनफोर्स हवा, आणि इंजिनही बारा सिलिंडरचे हवे, या तीन मागण्या एका चौकटीत बसत नाहीत. लांब इंजिन आले असते तर एकतर बोगदा आखूड झाला असता किंवा चाकांमधले अंतर वाढले असते. शिवाय आपल्या भिंतीवरच्या एफ४०मध्येही आठच सिलिंडर होते, आणि त्याबद्दल आज कोणी हळहळत नाही.

मागच्या बाजूचा उरलेला डाउनफोर्स, सुमारे ५९० किलो, डिफ्यूझर आणि हलता पंख मिळून देतात. हा पंख २०० मिलिमीटर वर उचलला जातो आणि गरजेप्रमाणे आपला कोन बदलतो. पंख मिटलेला असताना शेपूट तुटक, पेटीसारखी दिसते, आणि बहुतेक छायाचित्रे मिटलेल्या पंखाचीच फिरली. मला स्वतःला ती शेपूट आवडते. दोन थर आणि त्यांच्या मधली फट यांमुळे तिची जाडी तिथल्या तिथे कापली गेली आहे. इंजिनावरच्या झाकणाच्या कण्यावर सहा चिरा आहेत, दर सिलिंडरमागे एक. एफ४०च्या मागच्या पारदर्शक झाकणावरही उष्णता बाहेर पडण्यासाठी अशाच चिरा होत्या, आणि दारावरून मागे जाणारी नाका-डक्टही, म्हणजे हवा आत घेणारी अंगात खोदलेली त्रिकोणी वाटही, त्याच गाडीची आठवण करून देते. दोन्ही ठिकाणी काम तेच आहे आणि आकारही त्या कामातूनच आला आहे, त्यामुळे ही आठवण उसनी वाटत नाही.

‘मग गॉर्डन मरे यांची टी.५० इतकी शांत आणि देखणी कशी?’ असा प्रश्न ब्रिटिश डिझाइनर मरे यांच्या सुपरकारकडे बोट दाखवून अनेकांनी केला, आणि तो अगदी रास्त आहे. टी.५०च्या मागे ४०० मिलिमीटर व्यासाचा पंखा आहे, जो गाडीखालची हवा ओढून घेतो, आणि म्हणून वरच्या अंगावर पंख आणि भोके यांची गर्दी करावी लागली नाही. गाडीचे वजनही एक हजार किलोच्या आत आहे. परंतु ती गाडी रस्त्यावर चालवण्याच्या आनंदासाठी आखलेली आहे. सर्किटवर विक्रमी वेळ नोंदवणे हा तिचा उद्देशच नाही. दुसऱ्या टोकाला २०१७ सालच्या डिसेंबरात आलेली मॅक्लारेन सेना आहे. तिच्याबद्दल कंपनीनेच सांगितले होते की पुढून मागेपर्यंत कोणतीही रेषा बोटाने धरत गेलात तर वाटेत हवेचे एखादे भोक लागल्यावाचून राहत नाही. तिच्यावर तेव्हा याहूनही कडक टीका झाली. एफ८० या दोघींच्या मध्ये उभी आहे: सेनाइतके काम करायचे, पण फेरारीसारखे दिसायचे. चाहत्यांना बोचणारा ताण मला वाटते येथून येतो. सेनाने दिसण्याची जबाबदारीच सोडून दिली होती, एफ८०ने ती सोडलेली नाही, म्हणून तिच्याकडून अपेक्षाही जास्त आहे.

नियमांचा हात लहान आहे, पण नेमक्या नाकावर पडतो. युरोपातल्या नियमांप्रमाणे हेडलाइट जमिनीपासून किमान ५०० मिलिमीटर उंच असावे लागते. ज्या गाडीची पूर्ण उंची १,१३८ मिलिमीटर आहे, तिच्यात ही मर्यादा जवळजवळ अर्ध्या उंचीवर येते. म्हणजे दिव्यांच्या जागी अंग त्याहून खाली उतरू शकत नाही, आणि नाकाचा मधला भाग मात्र वाऱ्यासाठी खाली जाऊ इच्छितो. या ओढाताणीत दिव्यांची पातळी ही नाकावरची एक ठरलेली आडवी रेषा होऊन बसते, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न डिझाइनरपुढे उरतो.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ती काळी पट्टी, आणि आता आपण तिसऱ्या हाताकडे आलो. कंपनीचे म्हणणे असे की या पट्टीला प्रकाश आणि वारा अशी दोन्ही कामे आहेत. पृष्ठभागाच्या बाबतीत मला ते मान्य आहे. पण काळा रंग वाऱ्याला कळत नाही. तो आकार लाल रंगातही तेवढेच काम करील. तेव्हा काळे करणे ही शुद्ध निवड आहे, आणि तिच्यावर चर्चा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

निवडीचा हेतू स्पष्ट आहे: गाडीला चेहरा असू नये. माणूस कोणत्याही वस्तूत दोन डोळे आणि एक तोंड शोधतो, आणि गाडीच्या बाबतीत तर आपण ते लहानपणापासून करतो. पट्टीने दिवे गिळून टाकले की डोळे नाहीसे होतात, आणि समोरून येते ती विमानाच्या नाकासारखी वस्तू. आपल्याला जे परके वाटले ते नेमके हे आहे, असा माझा अंदाज आहे. कुरूप चेहऱ्याशीही आपण ओळख करून घेतो, पण चेहराच नसला तर ओळख कोठून सुरू करावी हे कळत नाही. मान्झोनींनी हे जाणूनबुजून केले आहे, आणि आजच्या एलईडी दिव्यांना बोटभर जागा पुरते म्हणूनच ते शक्य झाले. एफ४०च्या काळात दिवा हाच एक मोठा ठोकळा असे.

ही पट्टी नवी मात्र नाही. १९६८च्या ३६५ जीटीबी/४ गाडीला, जिला सारे डेटोना म्हणतात, नाकावर आडवी पारदर्शक पट्टी होती आणि तिच्या आत दिवे दिसत. अमेरिकेतल्या नियमांमुळे १९७१पासून तिच्या जागी वर उघडणारे दिवे आले. त्या पट्टीमागे खरोखर काही होते, म्हणून ती खिडकीसारखी वाटे. मे २०२४मध्ये आलेल्या १२चिलिंद्री या फेरारीने तिची आठवण काळ्या पट्टीने जागवली, आणि पाच महिन्यांनी एफ८०नेही तोच उपाय वापरला. चाहत्यांच्या सगळ्या तक्रारींत मला पूर्णपणे पटलेली तक्रार ही आहे. जी गाडी दहा वर्षांतून एकदा येते, जिच्या केवळ ७९९ प्रती निघणार आहेत, जिचे नाव २०२७मध्ये येणाऱ्या फेरारीच्या ऐंशिव्या वर्धापनाशी जोडलेले आहे, तिला त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या गाडीची खूण का द्यावी? २८८ जीटीओ, एफ४०, एफ५०, एन्झो, ला फेरारी या तिच्या पूर्वजांपैकी कोणतीही गाडी अंधारात नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखता येते. एफ८०लाही स्वतःची बाह्यरेषा आहे, परंतु तिची सर्वात ठळक खूण तिच्या एकटीची नाही. वाऱ्याने किंवा नियमाने हे करायला लावले नव्हते.

‘थांबा, दहा वर्षांनी हीच गाडी सर्वांना आवडेल, लॅम्बोर्गिनीच्या काउंटाकचेही तसेच झाले होते,’ असे समर्थक सांगतात. मी हा युक्तिवाद वापरत नाही आणि आपणही वापरू नये. काळ जाऊन नजर सरावते हे खरे असले तरी ती चांगल्या वस्तूला सरावते तशीच वाईट वस्तूलाही सरावते, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. १९७१च्या जिनिव्हा प्रदर्शनात मार्चेल्लो गान्दिनी यांची काउंटाक ज्यांनी पाहिली, त्यांना ती विचित्र वाटली असेलही, पण त्या पाचरीसारख्या आकारात एकच कल्पना होती आणि ती पहिल्या नजरेत कळत होती. एफ४०चेही तसेच आहे. तिचा लाल रंग इतका पातळ दिलेला असे की खालच्या धाग्यांची वीण उन्हात दिसे, आणि तिला भिंतीवर लावणाऱ्या मुलाला डाउनफोर्सचा अर्थ ठाऊक नसला तरी ही गाडी कशासाठी अंग आवळून बसली आहे ते समजत होते. एफ८०च्या बाबतीत ते समजण्यासाठी मला वर सात-आठ परिच्छेद लिहावे लागले. हा तिचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण आजच्या वाऱ्याचे गणितच गुंतागुंतीचे झाले आहे. मात्र प्रथमदर्शनी प्रेम का जडले नाही, याचे हे एक प्रामाणिक कारण आहे.

छायाचित्रांबद्दल एकच सूचना करतो. मोबाइलच्या रुंद कोनाच्या भिंगातून जवळून काढलेले चित्र नाक फुगवते आणि केबिन आणखी लहान करते. अशा गाडीचा निर्णय पंधरा-वीस पावले मागे जाऊन, भिंग लांबचे ठेवून काढलेल्या चित्रावरून करावा. चित्र बाजूने, डोळ्याच्या नव्हे तर चाकाच्या मध्याच्या उंचीवरून घेतलेले असेल तर उत्तम.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. मी या कामात नवखा असताना एका लहान गाडीचे पूर्ण आकाराचे मातीचे मॉडेल आमच्याकडे उभे होते. ती माती भट्टीत साधारण साठ अंशांपर्यंत तापवून हाताने थापतात आणि थंड झाल्यावर पात्याने खरवडत आणतात. नाक जड दिसत होते आणि दोन दिवस खरवडूनही हलके होत नव्हते, कारण पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी बॉनेट आणि इंजिन यांच्यात ठेवलेली मोकळी जागा कमी करता येत नव्हती. आमच्या उस्तादांनी मला पाते खाली ठेवायला सांगितले, दोन बोटे रुंदीची काळी टेप घेतली, आणि एका फेंडरपासून, म्हणजे पुढच्या चाकावरच्या फुगीर पत्र्यापासून, दुसऱ्या फेंडरपर्यंत हात न थांबवता एका ताणात लावली. मग मला दाराशी नेऊन उभे केले. मातीचा एक कणही न हलता नाक चार बोटे खाली आल्यासारखे दिसत होते. ‘जे कापता येत नाही ते काळे करायचे,’ एवढेच ते बोलले.

आपला प्रश्न वाचल्यावर मी तोच प्रयोग उलटा केला. एफ८०चे समोरून आणि पाऊण बाजूने घेतलेले चित्र संगणकावर उघडून पट्टी अंगाच्या लाल रंगाने भरली, दिवे तेवढे राहू दिले. चेहरा परत आला, पण गाडी गेली. पट्टीखालचा आणि वरचा पृष्ठभाग एक होताच नाक जाड आणि ठोकळ्यासारखे झाले, वाऱ्याची ती मधली पोकळी एखाद्या जबड्यासारखी दिसू लागली, आणि ५०० मिलिमीटरच्या नियमाने उंच धरलेले फेंडर एकदम डोळ्यांत भरले. पट्टी हे सगळे ओझे झाकत होती. त्यानंतर मी पट्टी काळी ठेवून फक्त तिची दोन्ही टोके आखूड केली, म्हणजे ती फेंडरच्या वळणावर चढण्याआधीच संपेल आणि फेंडर पूर्ण लाल राहतील. नाक हलकेच राहिले, फेंडरांना त्यांची गोलाई परत मिळाली, आणि १२चिलिंद्रीची आठवण येणे थांबले. माझ्या हाती ती माती असती तर मी टेप तेथेच तोडली असती.